मराठवाड्यात लोक खरंच बाईला पुढारी मानतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जालना जिल्ह्यातल्या तुमच्या गावात सरपंचपद महिलेसाठी सुटलंय. वहिनींना उभं राहायचंय. घरातली मोठी माणसं म्हणतायत की आपल्याकडे लोक बाईला पुढारी मानत नाहीत, उगाच हसं होईल. उभं राहायचंच तर नावाला राहू दे, कारभार भाऊ बघेल. हे कितपत खरं?

मी लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात निवडून आलेल्या महिला सदस्यांची आणि सरपंचांची प्रशिक्षणं घेते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर असं की लोक बाईला मत द्यायला तयार असतात, पुढारी म्हणायलाही तयार असतात. अडतं ते तिनं स्वतःच्या घराच्या मतापेक्षा वेगळं मत सांगितलं की. तुमच्या घरातले 'लोक मानत नाहीत' म्हणतात, तेव्हा त्यातले 'लोक' बहुतेक वेळा घरातलेच असतात.

आधी मतांचं बोलू. बीड लोकसभा मतदारसंघ बघा. केशरकाकू क्षीरसागर सरपंचपदापासून वर आल्या, आमदार झाल्या आणि 1980, 1984, 1991 अशा तीन वेळा बीडच्या खासदार झाल्या. तेव्हा पंचायतीत बायकांना देशभर आरक्षण देणारा कायदाही व्हायचा होता. 1996 ला त्याच बीडनं रजनी पाटलांना निवडून दिलं. गोपीनाथ मुंडे गेल्यावर 2014 च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे 6 लाख 96 हजारांहून जास्त मताधिक्यानं आल्या, 2019 ला पुन्हा आल्या. ज्या जिल्ह्याला सगळा महाराष्ट्र दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी ओळखतो, त्या जिल्ह्याचा हा हिशोब आहे. शेजारी लातुरात 2004 साली रूपाताई पाटील निलंगेकरांनी शिवराज पाटील चाकूरकरांना हरवलं. सलग सात वेळा निवडून आलेल्या माणसाला. हिंगोलीतून सूर्यकांता पाटील 1998 आणि 2004 ला गेल्या आणि केंद्रात ग्रामीण विकास खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. मराठवाडा मागास, म्हणून इथं बाई निवडून येत नाही, असं कुणी म्हटलं की मी ही नावं सांगते. पुढे वाद चालत नाही.

2024 ला पंकजा मुंडे बीडमधून साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पडल्या. बाई म्हणून पडल्या असं मला वाटत नाही. त्या निवडणुकीत पारावर, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत एकच विषय होता: मराठा आणि ओबीसी आरक्षण. आमच्याकडे मतदार आधी जात बघतो, मग घर बघतो, मग पक्ष. उमेदवार बाई आहे की पुरुष, हे त्यानंतर कधीतरी येतं. ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नाही, पण वहिनींना गणित मांडायचंय तर खरं तेच धरून मांडावं लागेल.

मग बायका वर दिसत का नाहीत? त्याच 2024 ला महाराष्ट्रातून 48 पैकी 7 महिला खासदार झाल्या. मराठवाड्याच्या आठ जागांवर मात्र आठही पुरुष. विधानसभेत मराठवाड्यातून आलेल्या बायका बघा: केजच्या नमिता मुंदडा, जिंतूरच्या मेघना बोर्डीकर, भोकरच्या श्रीजया चव्हाण, कन्नडच्या संजना जाधव, फुलंब्रीच्या अनुराधा चव्हाण. आणि जागा आहेत 46. यातल्या मेघनाताई रामप्रसाद बोर्डीकरांच्या लेक, श्रीजया अशोक चव्हाणांच्या, संजनाताई रावसाहेब दानव्यांच्या, आणि नमिताताई विमल मुंदडांच्या सून. त्यांना मी कमी लेखत नाही. पुरुष आमदारांची घरं मोजायला बसलात तर तीही यादी अशीच निघेल. मुद्दा इतकाच की मतदारासमोर बाई येण्याआधी तिकीट वाटणाऱ्यांसमोर जाते, आणि तिथं मोठ्या घराचं नाव नसेल तर तिचा अर्ज बाजूला पडतो. 'लोक बाईला मत देत नाहीत' हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय ते तिकीट न देणाऱ्यांच्या तोंडून.

आता घराचं. प्यू रिसर्च सेंटरनं देशभरातल्या जवळपास 30 हजार लोकांशी बोलून 2022 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात 55 टक्के लोक म्हणाले, राजकारणात बाई आणि पुरुष सारखेच चांगले पुढारी होतात. 14 टक्के म्हणाले, बायकाच जास्त चांगल्या. पुरुष चांगले म्हणणारे 25 टक्के. हे वाचून बरं वाटतं. पण त्याच पाहणीत, बायकोनं नेहमी नवऱ्याचं ऐकलंच पाहिजे का, असं विचारल्यावर दहातले जवळपास नऊ जण हो म्हणाले, आणि त्यात बायकाही मोठ्या संख्येनं होत्या. पाहणी देशाची आहे, पण आमच्या गावांतलं चित्र मला तिच्यात जसंच्या तसं दिसतं. बाई सरपंच झाली, आनंद आहे, हार घाला, गुलाल उधळा. पण तिनं मालकाला न विचारता सही केली तर? तिथं सगळ्या गावाचं कपाळ आठ्यांनी भरतं.

याचा पुरावा कुठं बघायचा ते सांगते. ग्रामपंचायतीत गेलात की सरपंचाच्या खुर्चीवर कोण बसलंय ते नंतर बघा. आधी विचारा, डोंगल कुणाकडं आहे? वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातात, त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही म्हणजे पेनड्राइव्हएवढं एक डोंगल. कित्येक गावांत सरपंचबाईंचं डोंगल मालकाच्या खिशात, दिराच्या गाडीच्या डिकीत किंवा ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात असतं. पासवर्ड त्यांनाच ठाऊक. ओटीपी येतो तोही त्यांच्याच मोबाइलवर. पूर्वी रजिस्टर घरी आणून चुलीपुढं सही घ्यायचे, तेव्हा बाईला निदान कळायचं की आज कशावर तरी सही झाली. आता तेवढंही कळत नाही.

औसा तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचताई प्रशिक्षणाला आल्या होत्या. सातवी शिकलेल्या, दोन मुलींच्या आई, बोलायला अगदी मऊ. सगळ्यांना मोबाइलवर आपापल्या गावाचा खर्च उघडायला लावला, तर त्यांच्या गावात नालीचं बिल निघालेलं दिसलं. त्या म्हणाल्या, "नाली तर झालीच नाही आमच्यात." शेजारच्या गावच्या सरपंच म्हणाल्या, "मग सही कुणी केली?" ताई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "सही माझीच आसंल."

गावी गेल्यावर त्या कुणाशी भांडल्या नाहीत. ग्रामसेवकाकडं गेल्या आणि म्हणाल्या, माझ्या सहीला माझा नंबर लावा. त्यानं आढेवेढे घेतले, मालकांना विचारतो म्हणाला. त्या तिथंच बसून राहिल्या. नंबर बदलला, डोंगल पर्समध्ये आलं. पुढचं बिल पाइपलाइनचं होतं. गुत्तेदार घरी आला, नेहमीसारखा मालकांशी बोलला, चहा पिऊन उठला. ताई म्हणाल्या, "एमबी दाखवा, मग करते." एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, इंजिनिअरनं काम मोजून त्यात लिहिल्याशिवाय बिल काढता येत नाही. गुत्तेदाराला वाटलं, बाईला कुणीतरी शिकवलंय. शिकवलेलं होतंच, त्यात लपवायचं काय? पण उठून विचारायची हिंमत त्यांची स्वतःची होती. घरात काही दिवस जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. सासू म्हणाली, घराची अब्रू वेशीवर टांगली. गावात बोलणं सुरू झालं, बाई लई आडमुठी हाय.

पुढचं मात्र नीट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. उन्हाळ्यात टँकरच्या खेपा ठरवायच्या होत्या. वस्तीवरच्या बायका पहिल्यांदा मालकांना न गाठता थेट ताईंच्या दारात आल्या. का, तर हिच्या सहीशिवाय काही होत नाही, हे गावाला कळलं होतं. लोकांनी भाषण ऐकून मत बदललं नाही. सही कुठं आहे ते बघून पाय तिकडं वळवले. मी जिथं जिथं बदल बघितलाय तिथं तो असाच झालाय.

तुमच्या वहिनींना एका गोष्टीची आधीच कल्पना द्या. सगळ्यात बोचरं बोलणं पुरुषांकडूनच येतं असं नाही. "तिला काय कळतंय त्यातलं" हे वाक्य बायकाही बिनदिक्कत बोलतात, आणि जाऊ बोलली तर ते जास्त लागतं. मला त्यांचा राग येत नाही. ज्या बाईला आयुष्यात कुणी मत विचारलं नाही, तिला दुसरीच्या मताची किंमत कशी कळावी? महिला ग्रामसभा नेमकी याचसाठी आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते. बहुतेक ठिकाणी तिचं रजिस्टर शिपाई घरोघरी फिरवून सह्या गोळा करतो आणि सभा कागदावर होते. बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर भागात तर आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्याला जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला या बायका कुठल्या तरी उसाच्या फडात असतात. गावच्या निम्म्या बायकांशिवाय झालेल्या सभेत कोण काय मानतं हे कसं ठरवायचं? त्या भागातली एक सरपंच महिला ग्रामसभा मुद्दाम मे महिन्यात, संध्याकाळी, देवळासमोर घेते. तिच्या गावात गर्दी मावत नाही.

आमच्या लातूर-धाराशिवच्या बाजूला एक वेगळा इतिहास आहे, तो फार कमी जण सांगतात. पंचायतराजची 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून घेतलं गेलं. घर कुणाचं, भिंत कशी बांधायची, सिमेंट किती आलं, हे विचारायला त्या दारोदार आणि सरकारी कचेऱ्यांत जाऊ लागल्या. त्याआधी ज्यांनी तहसील बघितलं नव्हतं अशा बायका. त्यांच्यातल्या काही पुढे बचत गटांत आणि पंचायतीत आल्या. त्या पिढीतल्या बायका आजही भेटल्या की पदर खोचून हिशोब सांगतात. दुःखातून संधी वगैरे मी म्हणणार नाही, ते म्हणणं बरं नव्हे. पण बाई कचेरीत गेली तर आभाळ कोसळत नाही हे त्या गावांनी इतरांच्या आधी बघितलं, एवढं खरं.

दारूबंदीच्या मतदानातही हेच दिसतं. गावातल्या बायकांनी मागणी केली की मतदान होतं. आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूनं, ठरलेली मतं पडली तर दुकान बंद होतं. त्या दिवशी एरवी कुणाच्या डोळ्याला डोळा न देणाऱ्या बायका नवऱ्याच्या समोरून रांगेत जाऊन उभ्या राहतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की बाईला राजकारणातलं काय कळतंय.

आता कडू भाग. बाईनं खरंच कारभार हातात घेतला की तिला खाली खेचायचे प्रयत्न होतात, आणि ते कायद्याच्या भाषेत होतात. खानदेशातल्या विचखेड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिथल्या महिला सरपंचावर गावातल्याच लोकांनी तक्रार केली की ती सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला पदावर परत बसवलं आणि सांगितलं की बाई सरपंच म्हणून निवडून आली, हेच गावकऱ्यांना पचलेलं दिसत नाही. बाई दलित असेल तर हे दुप्पट. मी एका गावात बघितलंय, 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंड्याची दोरी ऐनवेळी उपसरपंचाच्या हातात दिली गेली, आणि अनुसूचित जातीच्या महिला सरपंच बाजूला हात जोडून उभ्या. कुणी मोठ्यानं बोललं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं झालं. त्यांनी दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी पत्र दिलं आणि 26 जानेवारीला झेंडा स्वतः फडकवला. त्या पत्राची प्रत मी आता प्रत्येक प्रशिक्षणात वाचून दाखवते, नाव काढून.

आरक्षण गेलं की काय होतं, हेही तुम्ही विचारायला हवं होतं. आमच्याकडे 'जनरल सुटलं' की बाई घरी आणि मालक मैदानात, हे सर्रास. पण ते नेहमीच होतं असं नाही. मुंबई महापालिकेत 1997 ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते, त्यातले 2002 ला खुले झालेले वॉर्ड एका अभ्यासकानं तपासले. कधीच राखीव नसलेल्या वॉर्डांच्या तुलनेत तिथं बाई निवडून येण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. बंगालमधल्या पंचायतींच्या अभ्यासातही असंच दिसलं की बाई प्रमुख बघितलेल्या गावांत 'बाईला कारभार जमत नाही' हा पुरुषांचा ग्रह कमी होतो. मुंबई म्हणजे मराठवाडा नाही, हे मान्य. तरी खुल्या जागेवर दुसऱ्यांदा निवडून आलेल्या सरपंचबाई आमच्या पट्ट्यातही आहेत, आणि मला विचाराल तर लोकांचं मन बघायची खरी कसोटी तीच. लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारा कायदा 2023 ला झालाय, तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू व्हायचाय. तेव्हा आठच्या आठ पुरुष हे चित्र कायद्यानंच बदलेल. पण डोंगल कुणाच्या खिशात, हे कायदा ठरवणार नाही.

तर वहिनींसाठी कामाचं. सरपंच आता थेट गावातून निवडला जातो, त्यामुळे सदस्यांची टोळी जमवून तिला सहज पाडता येत नाही. पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणताच येत नाही, आणि नंतर तीन-चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केला तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान व्हावं लागतं. हे घरच्यांनाही सांगा, अर्धी भीती तिथंच जाते. जन्म 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास लागते. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर अर्ज बाद होतो. निवडणुकीच्या खर्चाचा हिशोब निकालानंतर 30 दिवसांत स्वतः जाऊन द्यायचा आणि पोच घ्यायची. हे काम 'भाऊ करेल' म्हणून सोडलेल्या बायका हकनाक अपात्र ठरतात.

फ्लेक्सवर फोटो त्यांचाच मोठा लावा. तुमच्या भावाचा लावायचाच असेल तर इतर कार्यकर्त्यांच्या रांगेत, त्याच आकाराचा. प्रचाराला त्या एकट्या किंवा बायकांना घेऊन जाऊ देत, आणि दारात कुणी "मालक कुठं हायत?" विचारलं तर तुमच्यापैकी कुणीही मध्ये बोलू नका, उत्तर त्यांना देऊ द्या. निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात डिजिटल सहीला त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर लावून घ्या. आणि पहिली महिला ग्रामसभा कधी घेणार, ती तारीख आत्ता प्रचारातच सांगून टाका, म्हणजे बायका ती लक्षात ठेवून येतील.